समुपदेशनातला उपदेश

'समुपदेशन' हा शब्द कवी म्हणून मला कधीच आवडला नाही. त्याच्या पोटात उपदेश बसलेला आहे. ज्या कामात उपदेश करायचा नाही असं पहिल्याच तासाला शिकवतात, त्या कामाला आपण हे नाव देऊन बसलो. आमच्या गंगापूरकडच्या बोलण्यात याहून जवळचे शब्द आहेत. धीर देणं, जीव लावणं, मन मोकळं करणं. 'दिलासा' फारसीतून आला आणि मराठीत असा रुळला की त्याचं मूळ गाव आता कुणी विचारत नाही. 'हवालदिल'ही तसाच. अरबीतली भीती आणि फारसीतलं काळीज एकत्र आलं आणि शब्द झाला, पण तो वापरला जातो मराठी शेतकऱ्यासाठी. मनाच्या दुखण्यासाठी आपल्याकडे एवढे शब्द असून बहुतेक घरांत एकच ऐकू येतो : 'डोक्यावर परिणाम झालाय.'

मी हे बोलतोय ते एका शिबिराच्या निमित्तानं. मागच्या वर्षी गंगापुरात तरुण मुलामुलींमध्ये वावरणाऱ्या माणसांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. माध्यमिक शाळांचे शिक्षक होते, आशाताई होत्या, शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई होत्या, पोलीस भरतीची अकॅडमी चालवणारे एक निवृत्त फौजी होते, मदरशात शिकवणारे एक हाफिजसाहेब होते. आणि मी. मी बी.ए. झालेला माणूस, मानसशास्त्राचा पेपर कधी दिलेला नाही. पण गावातली पोरं कवितांच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात, रात्री दहालाही येतात, म्हणून मलाही बोलावणं आलं. सतराव्या वर्षी माणूस कविता का लिहितो, हे ज्याचं आयुष्य कवितेत गेलं त्याला समजावून सांगावं लागत नाही. त्या वहीतल्या मात्रा तपासायच्या की वही आणणारा मुलगा, हा प्रश्न मात्र दर वेळी नवा असतो.

शिबिर संपल्यावर या प्रशिक्षणाचा मागोवा घ्यायचं मी मनावर घेतलं. मला वाटलं होतं की हे सगळं मोबाइलच्या जमान्यातलं असेल. पण हा धागा बराच मागे जातो, आणि त्याच्या टोकाला डॉक्टर नाही, गणिताचा एक प्राध्यापक उभा आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. त्यांचं नाव आपण संततिनियमनाशी जोडून मोकळे होतो. मला त्या मासिकातला पत्रव्यवहार जास्त मोलाचा वाटतो. जे आईबापाला विचारता येत नाही, मित्राला विचारलं तर हसतील, ते लोक कर्व्यांना पत्रानं विचारत आणि ते छापून उत्तर देत. स्वतःच्या शरीराची, स्वतःच्या मनात येणाऱ्या विचारांची भीती हा त्या प्रश्नांचा गाभा होता. या उत्तरांवरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण मासिक चालू राहिलं.

आता थोडं दूर जाऊ. १९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात चॅड वारा नावाच्या तरुण धर्मोपदेशकावर पहिल्यांदाच अंत्यविधी करण्याची वेळ आली. शवपेटीत चौदा वर्षांची मुलगी होती. तिला पाळी आली होती. कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून आपल्याला काही घाणेरडा रोग जडला असं समजून तिनं जीव दिला. वारांनी तेव्हापासून तरुणांशी या विषयावर उघड बोलायला सुरुवात केली, आणि पुढे २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये एक फोन ठेवला : ज्याला जगणं नको झालंय त्यानं या नंबरवर बोलावं. 'समॅरिटन्स' ही संस्था त्यातून उभी राहिली. आपले कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. दोन तारखांमध्ये तीन आठवड्यांचंही अंतर नाही. या दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी त्या लिंकनच्या मुलीनं मराठीत 'समाजस्वास्थ्य' वाचलं असतं तर, असं माझ्या मनात येऊन जातं.

वारांची गोष्ट इथंच संपत नाही. लोक भेटायला यायला लागले आणि रांग लागली. ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला म्हणून काही साधी माणसं मदतीला आली. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षात आलं की अनेक जण चहा घेतात, या माणसांशी बोलतात, हलके होतात आणि आपल्याला न भेटताच निघून जातात. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचं काम या चहावाल्यांकडेच सोपवलं. मात्र नुसतं सोपवलं नाही. कुणाला घ्यायचं, काय शिकवायचं, कुठल्या क्षणी जाणकाराकडे पाठवायचं, याचे नियम घातले. सामान्य माणसाला प्रशिक्षण देऊन मनाच्या कामाला लावण्याच्या इतिहासातलं हे फार महत्त्वाचं पान आहे.

आपल्याकडे शिकवण्याचं काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन माणसानं मुंबईच्या नागपाड्यात गरीब वस्तीत समाजकार्य केलं आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा सुरू केली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, या शाळेनं मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. भारतातलं ते पहिलं. वस्तीत काम करणाऱ्याला मुलाच्या मनाचं शिक्षण हवं, ही समजूत तिथं रुजली. पण मुंबई ती मुंबई. ती समजूत बोरघाट ओलांडून आमच्यापर्यंत यायला फार वर्षं लागली.

याचं कारण इतिहासातच आहे. महाराष्ट्रातली चार जुनी मनोरुग्णालयं म्हणजे नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. चारही इंग्रजी अमदानीतली. मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे या चारांतलं एकही आमच्या वाट्याला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही भारतात आलो, १९५६ मध्ये औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय झालं, आणि तेव्हापासून पोटदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याला आमचं एकच उत्तर : घाटीत न्या. त्याच्या आधी आणि बरेचदा त्याच्या नंतरही देवऋषी, दर्गा, उतारा, ताईत. यात हिंदू-मुसलमान असा भेद मी पाहिलेला नाही. एकच पोर गुरुवारी दर्ग्यात आणि अमावास्येला देवऋषीकडे नेलेलं मी पाहिलं आहे.

सरकारनं विचार केला नाही असं नाही. १९७५ च्या सुमारास चंदीगडजवळ रायपूर राणी आणि बंगळूरजवळ साकलवाडा इथं प्रयोग झाले. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, नर्स, आरोग्यसेवक यांना थोड्या काळाचं प्रशिक्षण दिलं तर खेड्यातला मनोरुग्ण ओळखता येतो का, हे पाहिलं. येतो, असं दिसलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९८५ पासून कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तो करून पाहिला आणि १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पण या सगळ्याचा रोख मोठ्या आजारांवर होता. दहावी नापास झाला म्हणून तीन दिवस न जेवणारा मुलगा त्यात कुठेच बसत नव्हता.

मराठवाड्याला मनाच्या जखमेची पहिली मोठी ओळख करून दिली ती किल्लारीच्या भूकंपानं. ३० सप्टेंबर १९९३. घरं, माणसं, गुरं गेली, आणि उरलेल्यांच्या आत काय पडलं ते कुणाला दिसेना. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनं डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा दीर्घ अभ्यास केला. नाटक-सिनेमातले आगाशे आपल्याला माहीत असतात. हे काम कमी जणांना माहीत आहे. भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. गाव, आईबाप, भाऊबहीण गमावलेली बाराशे मुलं. त्यांना सांभाळणारे, जेवू घालणारे, शिकवणारे काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हते.

याच काळात मराठी माणसांनी स्वतःच्या हिकमतीनं काही वाटा पाडल्या. पुण्यात गर्दच्या व्यसनानं पोरं कोसळत होती, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण काढलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथं बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. जो स्वतः खड्ड्यात होता त्याला खड्ड्याची खोली सांगावी लागत नाही. १९९० मध्ये ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि तरुणांसाठी 'वेध' सुरू केलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची वाट तर मला सगळ्यांत वेगळी वाटते. कार्यकर्ते बुवाला उघडं पाडायला जायचे आणि बुवापुढे बसलेल्या माणसाचं दुःख त्यांच्या पदरात पडायचं. बुवा गेला, दुःख राहिलं, आता पुढं काय? त्यातून 'मानसमित्र' तयार करण्याचं काम निघालं, म्हणजे गावपातळीवर भावनिक प्रथमोपचार करणारे स्वयंसेवक. हे काम पुढे नेणारे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉ. हमीद दाभोलकर. नरेंद्र दाभोलकरांनी मुलाचं नाव हमीद दलवाईंवरून ठेवलं होतं. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला हे सांगायचा मोह आवरत नाही, एवढं चालवून घ्या.

आता तुम्ही विचाराल, या साध्या माणसांच्या शिकण्यानं खरंच फरक पडतो का? पडतो, आणि त्याचे पुरावे आपल्या आसपासचेच आहेत. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं साध्या माणसांना शिकवून दवाखान्यांत बसवलं. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पानं तीस गावांत काम केलं. नैराश्य आलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षानं सत्तावीस झाले. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पानं गावातल्याच माणसांना ही जबाबदारी दिली. २०१५ पासून 'प्रेरणा' प्रकल्पात आमच्या मराठवाड्यातल्या आशाताई शेतकऱ्यांच्या घरी प्रश्नावली घेऊन जाऊ लागल्या. गंगापूरच्या शिबिरात आलेल्या आशाताई म्हणूनच आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार ठरल्या.

पण बिहारमधल्या एका प्रयोगापाशी मी थांबलो, आणि तुम्हीही थांबा. नालंदा जिल्ह्यातल्या चौऱ्याहत्तर शाळा. प्रकल्पाचं नाव 'सेहर'. उर्दूत सहर म्हणजे पहाट. काही शाळांत बाहेरचा एक साधा माणूस प्रशिक्षण देऊन मुलांचा मित्र म्हणून नेमला. काही शाळांत तेच काम, तसंच प्रशिक्षण देऊन, शाळेतल्याच एका शिक्षकाला दिलं. उरलेल्या शाळा नेहमीसारख्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. बाहेरच्या मित्राच्या शाळांत मुलांचं नैराश्य, दादागिरी, मारामारी कमी झाली, शाळेचं वातावरण बदललं. शिक्षकाच्या शाळांत फरक पडला नाही.

शिक्षकमंडळींनी रागावू नये. माझे निम्मे मित्र शिक्षक आहेत. त्यांच्यामागे निवडणूक, जनगणना, खिचडी, ऑनलाइन माहिती असं सगळं लागलेलं असतं आणि त्यातच हे नवं काम. शिवाय दुसरी गोष्ट. ज्याच्या हातात माझे गुण आहेत, जो माझ्या बापाला शाळेत बोलावू शकतो, त्याच्यापुढे मी मन कसं मोकळं करू? आमच्या शिबिरातल्या फौजींनी हे आपल्या भाषेत फार नेमकं सांगितलं. ते म्हणाले, 'ग्राउंडवर मी शिट्टी मारतो तेव्हा पोरं पळतात. त्याच पोरानं संध्याकाळी माझ्याजवळ रडावं, तर आधी शिट्टी कुठंतरी ठेवावी लागेल.'

आमच्या शिबिरातही इतिहासापेक्षा अशाच गोष्टींवर जास्त वेळ गेला. पहिला खल झाला तो एका प्रश्नावर. मुलगा फारच खचलेला दिसला, तर 'मरावंसं वाटतं का' असं सरळ विचारायचं का? निम्म्याहून जास्त हात 'नाही' म्हणून वर झाले. नसलेला विचार डोक्यात घालायचा का, असं सगळ्यांचं म्हणणं. प्रशिक्षक बाईंनी शांतपणे सांगितलं की तसं होत नाही, उलट कुणी तरी विचारलं याचाच आधार वाटतो. मग त्यांनी आम्हाला जोडीजोडीनं तो प्रश्न मोठ्यानं विचारायला लावला. हाफिजसाहेब माझ्या समोर होते. एकमेकांना वीस वर्षं ओळखणारी दोन माणसं आम्ही, आणि तो प्रश्न विचारताना दोघांचाही घसा कोरडा पडला.

दुसरा खल गुपिताचा. 'तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही,' हे वाक्य आपण किती सहज बोलतो. ते बोलायचं नाही असं शिकवलं. कारण मूल अठराच्या आतलं असेल आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं त्यानं सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प बसता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं : बाकी सगळं माझ्यापाशी राहील, पण तुझा जीव किंवा तुझी सुरक्षा यांचा प्रश्न आला तर मला दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल, आणि ती तुला सांगूनच घेईन. शिवणक्लासच्या बाईंनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि दोनदा वाचून दाखवलं.

एका गोष्टीची मला भीती वाटत होती आणि ती मी शिबिरात बोलून दाखवली. २३ जुलै २०१८ रोजी आमच्याच तालुक्यातल्या एका तरुणानं मराठा आरक्षणाच्या आंदोलनात कायगाव टोका इथं गोदावरीत प्राण गमावले. अशा मृत्यूला मानसिक दुखण्याच्या खात्यात टाकून मोकळं होता येईल का? मला वाटतं, नाही. जमीन तुटपुंजी, नोकरी नाही, वाळूजला कंत्राटी काम मिळालं तरी टिकेल याची खात्री नाही, हे काही मनाचे आजार नाहीत. भरतीच्या वयाची मर्यादा उलटून चाललेल्या पोराला श्वासाचे व्यायाम शिकवून त्याचा प्रश्न सुटणार नाही. प्रशिक्षक बाईंनी ते मान्य केलं. पण त्या म्हणाल्या, प्रश्न सुटेपर्यंत पोरगं जिवंत राहायला हवं ना. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा मनाच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं. यातला 'शिक्षकेतर' हा शब्द मला फार आवडला. शाळेच्या फाटकाशी बसणारा शिपाई कोण मूल उशिरा येतं, कोण एकटं डबा खातं हे मुख्याध्यापकांच्या आधी सांगू शकतो. पण कागदावरचं प्रशिक्षण कसं होतं हेही आपण जाणतो. सह्या, चहा, फोटो. शिवाय शिकलेल्या माणसानं मुलाला पुढे पाठवायचं म्हटलं, तर गंगापूरहून घाटीपर्यंत त्याच्यासोबत एसटीत कोण बसणार? दिवसाची मजुरी कोण बुडवणार? १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो लिहून ठेवा. तरी एसटीचा प्रश्न उरतोच.

आणि ऐकणाऱ्याचं काय? साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक लिहीत होते. मुलांना जीव लावणारा त्यांच्याइतका माणूस महाराष्ट्रानं क्वचित पाहिला असेल. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यामागची कारणं मांडायचा मला अधिकार नाही. पण तरुणांचं दुःख ऐकणाऱ्यांसाठी शिबिर घ्यायचं तर त्यांचं नाव टाळून चालणार नाही, असं मला वाटतं.

आमच्या शिबिराच्या शेवटच्या तासाला सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. हे काम जड झालं तर तुम्ही स्वतः कुणाला फोन कराल, त्याचं नाव लिहा. बायकांनी भराभर लिहिलं. फौजी बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, 'भाई, तुमचा नंबर लिहू का?' माझाही कागद कोराच होता. मी त्यांचा लिहिला.